नळी वाकत नाही, लाकूड फुगतं
ठाण्यात पाऊस लागला की लाकडी दस्त्याच्या जुन्या शिकारी रायफलीचा नेम हलतो, आणि 'नळी वाकली' हे निदान ठरलेलं! नळी पोलादाची, दमट हवेने ती वाकत नाही. फुगतं ते लाकूड, तेही त्याच्या तंतूंच्या रेषांच्या आडवं, लांबीत जवळपास नाहीच. बाहेरून पॉलिश चकचकीत, पण नळीखालची खाच बऱ्याचदा कोरीच. ओल तिथूनच शिरते. मग दस्ता नळीला एका बाजूने रेटतो. रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळी आणि दस्त्यामधल्या फटीत कागदाची पट्टी सरकवा. अडेल तिथे दाब. (काही रायफलींत दस्त्याच्या पुढच्या टोकाशी मुद्दाम दाब ठेवलेला असतो, तो दोष नव्हे.) तिथलं लाकूड घासायला कानस मात्र घरी नको, आर्म्स अ‍ॅक्ट १९५९ प्रमाणे दुरुस्तीलाही परवाना लागतो.