पाणलोटातील मातीची धूप (कोकण)

पावसाच्या थेंबांनी सुटलेली माती वाहत्या पाण्याबरोबर जाणे, म्हणजे जलधूप. कोकणात बहुतेक ठिकाणी वर्षाला २५०० मिमीहून जास्त पाऊस पडतो, आणि तो जवळपास सगळा जून ते सप्टेंबरात. सर्वांत जास्त माती जाते ती वरकस, म्हणजे हलक्या डोंगरी जमिनीच्या उतारांवरून. नाचणी-वरीसाठी मोकळी केलेली जमीन लावणीपर्यंत उघडी असते आणि जूनच्या धारा नेमक्या तेव्हाच कोसळतात. काजू-आंब्यासाठी यंत्राने सोललेल्या डोंगराचेही तेच होते.

धुपेच्या अंदाजासाठी विश्मायर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांचे सार्वत्रिक मृदाधूप समीकरण वापरतात. पावसाचा मारा, मातीची धूपशीलता (ती किती सहज धुपते), उताराची लांबी, चढ, आच्छादन आणि उपाययोजना या सहा घटकांचा गुणाकार म्हणजे हेक्टरी वार्षिक धूप, टनांत. लांबी २२.१३ मीटर आणि चढ ९ टक्के असलेल्या तुकड्यासाठी लांबी-चढाचा गुणक १ धरला आहे. घळींची (पाण्याने कोरलेल्या खोल ओहोळांची) झीज आणि नाल्याच्या काठांची पडझड यात येत नाही. फार उभ्या उतारावर आकडा फुगतो. म्हणून शेतात पडताळा घ्यावा: लोखंडी सळया जमिनीत ठोकून, उघड्या भागाची लांबी पावसाळ्याआधी आणि नंतर मोजावी. सरासरी १ मिमी थर गेला, तर हेक्टरी १० घनमीटर, म्हणजे साधारण १३ टन माती गेली. डोळ्यांना हा १ मिमी दिसतच नाही.

घटकांपैकी माणसाच्या हातात सर्वांत जास्त आहे ते आच्छादन. बागेतले गवत मुळासकट खरवडू नये, कापून झाडाखाली पसरावे. समतल बांध (उताराला आडवे, एकाच पातळीत) घालून उताराची लांबी निम्मी केली तर धूप सुमारे ३० टक्के घटते, पण बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी जायला वाट नसेल तर पहिल्याच मुसळधार पावसात तो फुटतो आणि एका जागी घळ पडते.

नाल्यात सैल दगडांचे बांध असे घालावेत की खालच्याचा माथा वरच्याच्या पायाशी समपातळीत येईल: उतार १० टक्के आणि उंची १ मीटर असेल, तर अंतर १० मीटर. मध्यभाग कडांपेक्षा खोल हवा आणि टोके काठात घुसलेली. नाहीतर पाणी बाजूने वाट काढते. खाली भातखाचरे गाळ अडवतातच. ती पडीक राहून बांध ढासळले, की साठलेली माती खाडीत जाते.

कातळावर पाणी मुरवायचे चर खणता येत नाहीत. तिथे जांभ्याचे गडगे (दगड रचून केलेले बुटके बांध) घालावेत. जिथे जांभ्याखाली चिकणमाती आहे अशा उभ्या उतारावर पाणी मुरवणारे चर टाळावेत, कारण तिथे दरड सरकण्याचा धोका वाढतो.