मृत्युदंड निर्मूलनाचे आंतरराष्ट्रीय प्रयत्न

देहान्ताची शिक्षा कायद्यातून काढावी, निदान तिची अंमलबजावणी थांबवावी, यासाठी करार, ठराव आणि प्रत्यर्पणाच्या (आरोपी एका देशाने दुसऱ्याकडे सोपवण्याच्या) अटी यांच्या मार्गाने चाललेले प्रयत्न.

सोलापुरात फाशी म्हटले की आधी चार हुतात्मे आठवतात. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फासावर चढवले. आरोप मे १९३० मधील दोन पोलिसांच्या खुनाचा. त्यानंतर शहरावर मार्शल लॉ लादला गेला होता. ‘चार पुतळ्यांना’ हार पडतात ते जानेवारीतल्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या, यात्रेच्या गर्दीतच. चौघांना खोट्या खटल्यात गोवले, असेच शहर मानते. चुकीची फाशी परत घेता येत नाही, हा निर्मूलनवाद्यांचा मुख्य मुद्दा सोलापूरकराला वेगळा समजावावा लागत नाही. ब्रिटनने पुढे १९६५ मध्ये खुनासाठीची फाशी थांबवली आणि १९९८ मध्ये राजद्रोहासाठीचीही रद्द केली.

सुरुवात जुनी आहे. टस्कनीने १७८६ मध्येच ही शिक्षा रद्द केली होती. १९४८ च्या मानवी हक्क जाहीरनाम्यात जगण्याचा हक्क आला, फाशीचा मात्र उल्लेख नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारनाम्याने अठरा वर्षांखालील गुन्हेगार आणि गर्भवती स्त्रिया यांना फाशीतून वगळले. थेट निर्मूलनाचा जागतिक करार म्हणजे त्याला जोडलेला १९८९ चा दुसरा ऐच्छिक प्रोटोकॉल. ‘ऐच्छिक’ या शब्दातच त्याची मर्यादा आहे : सही न करणाऱ्यावर तो बंधनकारक नाही, आणि भारताने सही केलेली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये फाशीला स्थगिती देण्याचा ठराव १०४ विरुद्ध ५४ मतांनी संमत केला. तोही सल्ल्यापुरताच, भारताचे मत विरोधात.

नोव्हेंबर २०१२ मध्ये असाच ठराव आमसभेच्या समितीत आला. भारताने पुन्हा विरोध केला आणि दोनच दिवसांनी, २१ तारखेला, येरवड्यात अजमल कसाबला फाशी झाली. तेव्हाचे केंद्रीय गृहमंत्री सुशीलकुमार शिंदे सोलापूरचे. तरुणपणी इथल्याच सत्र न्यायालयात नोकरी केलेले.

ठरावांपेक्षा प्रत्यर्पणाची अट जास्त चालते. फाशी नसलेला देश आरोपी सोपवताना त्याला फाशी देणार नाही अशी हमी मागतो, आणि भारताच्या प्रत्यर्पण कायद्याच्या कलम ३४-क (34C) मध्येही अशा आरोपीला मृत्युदंडाऐवजी जन्मठेपेची तरतूद आहे. पोर्तुगालने २००५ मध्ये अबू सालेमला असेच सोपवले. मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात ७ सप्टेंबर २०१७ रोजी त्याला जन्मठेप झाली; त्याच दिवशी, त्याच न्यायालयात, दोन सहआरोपींना फाशी सुनावण्यात आली.