कॅनन म्हणजे मठवासी नव्हे

इंग्लंडमधलं यॉर्क किंवा सॅलिसबरी पाहून आलेल्या माणसाचं प्रवासवर्णन वाचायला घ्यावं, तर तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात ते वाक्य भेटतंच: 'मध्ययुगात या कॅथेड्रलमध्ये भिक्षू राहत असत.' नव्हते राहत. यॉर्कच्या कॅथेड्रलमध्ये नाही, सॅलिसबरीच्या नाही, आणि लिंकन, वेल्स, एक्सेटर, हेरफर्ड, लिचफील्ड, चिचेस्टर किंवा लंडनच्या सेंट पॉल्समध्येही नाही. या नऊ ठिकाणी कॅनन होते, म्हणजे मठाबाहेर राहणारे कॅथेड्रलचे पाद्री. कँटरबरी, विंचेस्टर, डरम, वुस्टर, नॉरिच, ईली, रॉचेस्टर, बाथ आणि कॉव्हेंट्री इथे खरोखरच मठवासी होते, तेही संत बेनेडिक्टने मठांसाठी लिहिलेल्या नियमाने चालणारे. उरलं कार्लाइल, त्याकडे पुढे येतो.

कॅथेड्रल म्हणजे ज्यात बिशपचं आसन आहे ते चर्च. तिथल्या रोजच्या उपासनेची जबाबदारी कोणाकडे द्यायची, याची इंग्लंडमध्ये दोन उत्तरं होती. मठवाशांच्या हाती कॅथेड्रल देण्याची रीत बाकी युरोपात फार क्वचित दिसते. विंचेस्टरला बिशप एथेलवोल्ड यांनी 964 मध्ये जुन्या पाद्र्यांना बाहेर काढून मठवासी आणले, डरमला हेच 1083 मध्ये घडलं.

मठवासी आपल्याला परिचयाचे आहेत, म्हणून त्यांच्यावर जास्त शाई घालवत नाही. घर सोडलेलं, व्रत घेतलेलं, एका छताखाली झोपणं, एका पंगतीत जेवणं, वरिष्ठाच्या शब्दाबाहेर न जाणं. फक्त 'भिक्षू' हा शब्द कृपा करून सोडा. बेनेडिक्टचे अनुयायी भिक्षा मागत नसत, आणि डरमचा मठ तर उत्तर इंग्लंडमधल्या मोठ्या जमीनदारांपैकी एक होता. भिक्षेवर जगणारे फ्रान्सिस्कन आणि डोमिनिकन तेराव्या शतकात आले, आणि इंग्लंडमधलं एकही कॅथेड्रल त्यांच्याकडे नव्हतं.

किरकोळ फरक एका दमात सांगतो. कॅननांचा प्रमुख डीन. मठातला प्रमुख प्रायर, कारण ॲबटची, म्हणजे मठाधिपतीची, जागा नावापुरती बिशपची. दोन्हीकडे चॅप्टर नावाची सभा होती, दोन्हीकडे दिवसरात्रीच्या त्याच ठरलेल्या वेळी लॅटिन स्तोत्रं गायली जात. त्यामुळे उपासना पाहून फरक ओळखता येत नाही, आणि घोटाळा होतो तो इथेच. 'हे जास्त धार्मिक, ते कमी धार्मिक' असा अंदाज बांधून लोक मोकळे होतात.

खरा फरक मालकीचा आहे. मठवाशाचं स्वतःचं असं काहीही नसे. बेनेडिक्टच्या नियमात लेखणीचासुद्धा स्पष्ट उल्लेख आहे, तीही आपली म्हणायची नाही. मठ गडगंज असला तरी मठवासी कफल्लकच. कॅननचं उलट. त्याला कॅथेड्रलच्या मालमत्तेतला एक ठरावीक हिस्सा, बहुधा एखाद्या गावाचं किंवा तिथल्या चर्चचं उत्पन्न, स्वतःसाठी मिळे. याला प्रीबेंड म्हणत. यॉर्कला असे 36 कॅनन होते. लिंकनच्या गायनमंडपात आजही एकेका आसनावर त्या-त्या प्रीबेंडचं नाव दिसतं. कॅननचं स्वतःचं घर असे, नोकरचाकर असत, घोडे असत, आणि मरताना तो मृत्युपत्र करून भांडीकुंडी, पुस्तकं, पैसा हव्या त्याला देऊन जाई.

एक्सेटरची 1283 मधली घटना मला यासाठी फार बोलकी वाटते. 9 नोव्हेंबरच्या पहाटेआधी, रात्रीची उपासना आटोपून कॅथेड्रलचे प्रिसेंटर, म्हणजे गायनाचे प्रमुख, वॉल्टर लेचलेड घरी निघाले होते. वाटेत त्यांचा खून झाला. प्रकरण इतकं वाढलं की 1285 च्या नाताळात राजा पहिला एडवर्ड स्वतः चौकशीला आला आणि शहराच्या महापौराला फाशी झाली. मग कॅथेड्रलभोवती भिंत आणि दरवाजे उभारायची परवानगी मिळाली. या सगळ्यात 'घरी निघाले होते' हे तीन शब्द नीट पाहा. मठवाशाला उपासनेनंतर जायला घर नसतंच. त्याची शयनशाळा चर्चला लागून, आणि रात्री थेट चर्चमध्ये उतरायला जिना.

उत्पन्न स्वतःचं झालं की पुढचं आपोआप येतं. गावाचं उत्पन्न खाण्यासाठी गावात किंवा कॅथेड्रलमध्ये हजर असण्याची गरज राहत नाही. राजाला आपल्या कारकुनांना आणि मंत्र्यांना पगार द्यायचा, तर प्रीबेंड देणं सर्वांत सोयीचं. पोपलाही आपल्या इटालियन कार्डिनलांची सोय तशीच लावता येई. विल्यम ऑफ विकहॅम हा राजाचा माणूस अनेक कॅथेड्रलांमधली प्रीबेंडं एकाच वेळी बाळगून होता. पुढे 1367 मध्ये तो विंचेस्टरचा बिशप झाला, म्हणजे कधीही मठात न राहिलेला माणूस मठवाशांचा नामधारी ॲबट झाला.

मग गायचं कोणी? आपल्याकडे वतनदार स्वतः न येता मुतालिक पाठवी, तसंच. फरक इतकाच की प्रीबेंड वंशपरंपरेनं चालणारं नव्हतं. कॅननच्या जागी उभं राहून गाणाऱ्याला व्हिकर म्हणत, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच बदली माणूस. 36 कॅननांच्या यॉर्कला 36 व्हिकर. वेल्सला बिशप राल्फ यांनी 1348 मध्ये या व्हिकरांची एकत्र राहण्याची सोय केली, आणि व्हिकर्स क्लोज ही त्यांची दगडी घरांची गल्ली आजही वसलेली आहे. कॅथेड्रलचे गायक अजून तिथे राहतात. कॅथेड्रलचा इतिहास म्हणजे बिशप आणि डीन यांची यादी समजणाऱ्यांनी ही गल्ली जरूर पाहावी. कडाक्याच्या थंडीत, अपरात्री, शेकडो वर्षं त्या इमारतीत आवाज जिवंत ठेवला तो या कमी पगाराच्या लोकांनी.

कार्लाइलचं काय? तिथे ऑगस्टिनियन, म्हणजे संत ऑगस्टिनच्या नावाच्या नियमाने चालणारे, 'रेग्युलर' कॅनन होते. नाव कॅनन, पण मालमत्ता सामायिक आणि व्रतबद्ध राहणी. म्हणजे माझ्या हिशेबात ते मठवाशांच्या बाजूचे. नाव पाहू नका, थैली कोणाची ते पाहा.

यॉर्क-सॅलिसबरीच्या कॅननांना 'सेक्युलर' म्हणतात आणि मराठीत त्याचं 'धर्मनिरपेक्ष' करून टाकलेलं मी छापील पानावर वाचलं आहे. दिवसभर स्तोत्रं गाणाऱ्या संस्थेतला धर्मनिरपेक्ष पाद्री! इथे मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ 'जग', 'संसार' असा आहे. मठाबाहेर, लोकांत राहणारा तो सेक्युलर. 'रेग्युलर' म्हणजे 'नियमित'ही नव्हे. मठाच्या लिखित नियमाने बांधलेला तो रेग्युलर.

इमारतीही फसवतात. सॅलिसबरीला चौकोनी ओवऱ्यांचं भव्य क्लॉइस्टर आहे, ते पाहून गाइडसुद्धा मठ म्हणतात. तिथे मठ कधीच नव्हता. 'मिन्स्टर' हा शब्द मूळ मठवाचक असला तरी यॉर्क मिन्स्टर कॅननांचंच. वेल्स आणि बाथ तर एकाच बिशपची दोन कॅथेड्रलं, एकात कॅनन, दुसऱ्यात मठवासी, आणि मध्ये तीसेक किलोमीटर. फरक समजून घ्यायला याहून चांगली सहल मला माहीत नाही.

आठव्या हेन्रीने मठ बरखास्त केले तेव्हा कॅननांची कॅथेड्रलं तशीच चालू राहिली. मठवाशांच्या कॅथेड्रलांची घडी मात्र मोडली. कॉव्हेंट्रीचं तर पाडलंच. डरमचा मठ 1539 च्या अखेरीस राजाच्या स्वाधीन झाला, आणि 1541 मध्ये त्याच चर्चसाठी डीन आणि बारा कॅनन नेमले गेले. डीन झाले ते मठाचे शेवटचे प्रायर ह्यू व्हाइटहेड, आणि कॅननांमध्येही जुने मठवासी होते. चर्च तेच, माणसंही बरीचशी तीच. आता मात्र प्रत्येकाला स्वतःचं घर होतं, आणि वर्षाचं उत्पन्न त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होत होतं.