आयनिक द्रव आणि पाणी: मागची गोष्ट

रोजचं मीठ वितळायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. रसायनशास्त्रज्ञ पॉल वाल्डेन यांनी लॅटव्हियातल्या रीगात अभ्यासलेला इथिलअमोनियम नायट्रेट हा क्षार मात्र १२ अंशांनाच वितळतो. हे काम १९१४ मध्ये प्रसिद्ध झालं. आयनांचा, म्हणजे क्षारातल्या धन आणि ऋण प्रभारित कणांचा, आकार आणि विद्युतवाहकता यांचा संबंध तपासताना त्यांना मध्ये पाणी नको होतं, म्हणून त्यांनी नुसते वितळलेले क्षार निवडले. थोडक्यात, आयनिक द्रवांची, म्हणजे कमी तापमानालाच द्रव असणाऱ्या क्षारांची, सुरुवातच पाणी टाळण्यातून झाली.

पुढची अनेक वर्षं पाणी शत्रूच राहिलं. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीत जॉन विल्क्स यांच्या गटाने १९८२ मध्ये बॅटरीसाठी इमिडॅझोलियम या सेंद्रिय धन आयनाचे क्षार आणि ॲल्युमिनियम क्लोराइडचे द्रव तयार केले. हवेतला दमटपणा लागला की त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटायचा. १९९२ मध्ये विल्क्स आणि झावोरोत्को यांनी टेट्राफ्लुओरोबोरेटसारखे ऋण आयन वापरले आणि ‘पाण्यात टिकणारे’ द्रव हाती आले. हे विशेषण जरा घाईचं होतं. याच धाटणीचा दुसरा ऋण आयन, हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट, पाण्यासोबत विघटित होऊन घातक हायड्रोजन फ्लुओराइड देऊ शकतो, हे पुढे स्पष्ट झालं.

त्याहून मोठा धडा २००० च्या सुमारास मिळाला. बेलफास्टमध्ये केनेथ सेडन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की किंचित पाणी मुरलं तरी या द्रवांचा दाटपणा झपाट्याने उतरतो, आणि क्लोराइडचा अंश राहिला तर तो वाढतो. पाण्याचं प्रमाण न मोजता छापलेल्या जुन्या आकड्यांवर विसंबणं त्यामुळे अवघड झालं. माझ्या मते या विषयातलं हे सर्वांत प्रामाणिक वळण आहे. पाठोपाठ २००१ मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या अवरक्त वर्णपट अभ्यासातून कळलं, की मुरलेलं पाणी मुख्यतः ऋण आयनांना हायड्रोजन बंधांनी धरतं. म्हणूनच धन आयन तोच, ब्युटिलमिथिलइमिडॅझोलियम, असूनही टेट्राफ्लुओरोबोरेटचा द्रव खोलीच्या तापमानाला पाण्यात पूर्ण मिसळतो, तर हेक्झाफ्लुओरोफॉस्फेटचा तळाशी वेगळा थर धरतो.

धन आयनाची कार्बनसाखळी लांबवली की तो पाण्यात साबणासारखा वागू लागतो. साखळ्या पाण्याला टाळून पृष्ठभागाशी गोळा होतात, पृष्ठताण उतरतो, आणि ठरावीक सांद्रतेपुढे आयनांचे पुंजके, म्हणजे मिसेल, बनतात. डेसिल किंवा डोडेसिल (दहा किंवा बारा कार्बनच्या) साखळीचे क्षार तर सरळ धन प्रभाराचे साबणच म्हणावेत.

आणि पाणी व पृष्ठभाग हे दोन्ही प्रश्न एकत्र हाताळणारा प्रयोग मात्र १९८८ मध्येच होऊन गेला होता. हॉर्न, एव्हान्स आणि निनहॅम यांनी वाल्डेन यांचाच क्षार अभ्रकाच्या दोन गुळगुळीत पत्र्यांमध्ये धरला आणि पत्रे जवळ आणत बल मोजलं. निव्वळ द्रवात ते बल पायरीपायरीने बदलत गेलं: द्रव थराथराने रचलेला होता, आणि एकेक थर साधारण अर्ध्या नॅनोमीटरचा. पाणी मिसळत गेल्यावर पायऱ्या विरल्या आणि मिठाच्या पाण्यात दिसतं तसं विद्युत दुहेरी थराचं, म्हणजे प्रभारित पृष्ठभाग आणि त्याभोवती जमलेले विरुद्ध प्रभाराचे आयन यांचं, प्रतिकर्षण उमटलं.