72 ची कसोटी आली कुठून? मोठ्या संयुक्त संख्यांच्या विभाज्यतेची पार्श्वभूमी

42△3□ या पाच अंकी संख्येला 72 ने निःशेष भाग जातो, तर △ आणि □ च्या जागी कोणते अंक येतील? शिष्यवृत्तीची तयारी करणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुलांना या धाटणीचे प्रश्न चांगले ओळखीचे आहेत. कागल, राधानगरी, भुदरगडकडे शिष्यवृत्ती हा घरादाराचा विषय असतो आणि त्या अभ्यासात विभाज्यतेच्या कसोट्या हमखास येतात. पुढे हीच मुले स्पर्धा परीक्षेसाठी शहरातल्या अभ्यासिकांत बसतात, तेव्हा 88, 99, 132 अशा विभाजकांच्या रूपाने तोच प्रश्न पुन्हा समोर येतो.

वहीत कसोट्यांची लांबलचक यादी असते. 12 ची एक ओळ, 15 ची एक, मग 18, 24, 36, 45, 72. मुले ती पाठ करतात आणि परीक्षेच्या घाईत 18 ची ओळ 24 ला लावून मोकळी होतात. ही यादी पाठ करून घेणे मला पटत नाही. साऱ्या ओळी दोनच गोष्टींतून निघतात. एक म्हणजे 10, 100, 1000 यांना विभाजकाने भागल्यावर उरणारी बाकी. दुसरी म्हणजे विभाजकाचे असे तुकडे, ज्यांच्यात 1 खेरीज सामाईक विभाजक नाही. या दोन्ही गोष्टी माणसाच्या हाती वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी आल्या.

आधी बाकी पाहू. तिचा जुना वापर कालगणनेत दिसतो. आपल्या पंचांगातले साधे गणित घ्या. शकाच्या अंकात 12 मिळवून 60 ने भागले की बाकीवरून संवत्सर कळतो. शक 1947 मध्ये 12 मिळवले की 1959, त्याला 60 ने भागल्यावर बाकी 39, म्हणून एकोणचाळिसावा विश्वावसु. शक 1908 ला बाकी उरत नाही, म्हणून शेवटचा, साठावा क्षय. गुढीपाडव्याला पंचांगातले संवत्सरफल ऐकणाऱ्या घरांत एका मोठ्या संयुक्त संख्येचा भागाकार पिढ्यान् पिढ्या असा होत आला आहे.

ज्यू धर्मग्रंथ तालमूद यातही हाच व्यवहार दिसतो. तिथे सात वर्षांचे चक्र होते आणि चालू वर्ष चक्रातले कितवे हे काढायचे होते. युक्ती अशी: दर शंभर वर्षांमागे 2 धरा, ते उरलेल्या वर्षांत मिळवा आणि मग सातने भागा. शंभराला सातने भागल्यावर 2 उरतात, एवढाच तिचा आधार.

पुढची पायरी नवाच्या ताळ्याची. गुणाकार बरोबर आला का हे पाहण्यासाठी अंकांची बेरीज करून नऊने उरणारी बाकी ताडून पाहणे आपल्याकडच्या जुन्या पिढीला तोंडपाठ होते. भारतीय ग्रंथांत ही रीत दुसऱ्या आर्यभटाच्या महासिद्धान्तात, म्हणजे साधारण इ.स. 950 च्या सुमारास, नियम म्हणून मांडलेली आढळते. गुणाकार-भागाकारापासून वर्गमूळ आणि घनमूळापर्यंतचे ताळे त्यात आहेत. नारायण पंडितांनी 1356 मध्ये पूर्ण केलेल्या गणितकौमुदीत मोठी मजल मारली. ताळ्यासाठी नऊच घ्यायला हवा असे नाही, हवा तो भाजक घ्या, असे त्यांनी सांगितले. त्याच ग्रंथात संख्येचे विभाजक शोधण्यावर ‘भागादान’ नावाचे वेगळे प्रकरणही आहे. आपल्या वर्गांत नारायण पंडितांचे नाव क्वचितच निघते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र ताळा आणि कसोटी यांत अंतर आहे. ताळा जुळला नाही तर उत्तर चुकले हे कळते, पण जुळला म्हणून ते बरोबरच असेल असे नाही; कसोटीने मात्र भाग जातो की नाही हे पक्के ठरते. हे अंतर मिटवणारी सर्वसाधारण मांडणी फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलने 1654 च्या सुमारास लिहिली आणि ती त्याच्या मृत्यूनंतर 1665 मध्ये छापून आली. कोणताही विभाजक घ्या, दहाच्या प्रत्येक घाताची बाकी क्रमाने लिहा, संख्येचे अंक उजवीकडून त्या बाक्यांनी गुणा आणि बेरीज करा. मूळ संख्येला भाग जातो की नाही ते त्या बेरजेवरून कळते. सातसाठी बाक्यांची रांग 1, 3, 2, 6, 4, 5 अशी येते आणि मग पुन्हा 1 पासून सुरू होते. नऊसाठी सगळीकडे 1, म्हणून नुसती अंकांची बेरीज पुरते. अकरासाठी 1 आणि 10 आलटून पालटून येतात. तो 10 म्हणजे अकराला एक कमी, म्हणून एकाआड एक अंक वजा करायचे. आठसाठी 1, 2, 4 आणि नंतर सगळे शून्य, म्हणून शेवटचे तीन अंक पाहिले की काम झाले. मुले चार वेगळे नियम म्हणून जे घोकतात, ते एकाच रांगेचे चार नमुने आहेत. 1801 मध्ये जर्मन गणिती गाउसने बाक्यांच्या या गणिताला आज वापरतो ती चिन्हे दिली आणि नऊ व अकराच्या कसोट्या त्यातून ओळीने सिद्ध करून दाखवल्या.

पास्कलची रीत 72 लाही लागते. पण तिथली रांग 1, 10, 28, 64, 64 अशी निघते आणि सहावी-सातवीतले मूल त्या गुणाकारांत अडकून पडते. म्हणून मोठ्या संयुक्त संख्येसाठी दुसरी गोष्ट हवी: तुकडे पाडणे.

या तुकड्यांचा पाया ग्रीक गणिती युक्लिडच्या ‘एलिमेंट्स’ या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकात, इ.स. पूर्व 300 च्या आसपास, घातला गेला. दोन संख्यांना एकमेकींनी आळीपाळीने भागत गेले की मसावि हाती येतो, आणि तो 1 आला तर त्या सहमूळ. आपल्याकडे हीच परस्पर भागाकाराची क्रिया कुट्टकात, म्हणजे समीकरणाची पूर्णांकी उत्तरे शोधण्याच्या जुन्या रीतीत, दिसते. 499 मध्ये आर्यभटाने कुट्टक दिला. 1150 च्या सुमाराच्या लीलावतीत भास्कराचार्य सांगतात की भाज्य आणि हार (म्हणजे भाजक) यांना परस्पर भागून जो शेवटचा शेष मिळेल त्याने दोघांनाही छेदावे, म्हणजे ते ‘दृढ’ होतात. आजच्या भाषेत सहमूळ. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ उभा केला. 1207 च्या सुमाराचा त्याचा शिलालेख आजही आहे. सामाईक विभाजक काढून टाकण्याचे हे गणित महाराष्ट्रात आठशे वर्षांपूर्वी शिकवले जात होते.

वर्गात सर्वांत जास्त गोंधळ याच जागी होतो. 24 म्हणजे 4 गुणिले 6, म्हणून 4 ची आणि 6 ची कसोटी लावली की झाले, असे हुशार मुलेही म्हणतात. 36 घ्या. त्याला 4 ने भाग जातो, 6 नेही जातो, पण 24 ने जात नाही. 4 आणि 6 या दोघांतही 2 लपलेला आहे. तो दोनदा मोजला गेला आणि कसोटीने प्रत्यक्षात 12 चीच खात्री दिली, कारण 4 आणि 6 चा लसावि 12 आहे. 3 आणि 8 घेतले की हा घोळ होत नाही. संख्येला 8 ने भाग गेला, म्हणजे ती 8 गुणिले काहीतरी आहे. आता 3 ने भाग जायचा असेल, तर 8 मध्ये 3 नसल्यामुळे तो त्या ‘काहीतरी’तच असायला हवा. एवढे चार वाक्यांतले कारण मुलांना सांगायला पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि ते सांगितल्यावर यादीची गरज उरत नाही. 72 चे तुकडे 8 आणि 9, 88 चे 8 आणि 11, 132 चे 3, 4 आणि 11. सुरुवातीच्या प्रश्नात 9 साठी △ आणि □ यांची बेरीज 0, 9 किंवा 18 हवी आणि 8 साठी △3□ ला 8 ने भाग जायला हवा. दोन्ही अटी एकत्र पाहिल्या की 3 आणि 6 हेच अंक टिकतात. संख्या 42336, म्हणजे 588 गुणिले 72.

मराठी शाळेत हा विषय कसा आला, हे थोडक्यात सांगतो. पंतोजींच्या शाळेत पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी होत्या. रुपयाचे 16 आणे, आण्याचे 12 पै, म्हणून रुपयाचे 192 पै. मणाचे 40 शेर. संयुक्त संख्यांनी भागणे हा रोजचा व्यवहार होता आणि त्यासाठी वेगळ्या धड्याची गरज नव्हती. 1820 च्या दशकात जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत मराठी गणिताची पुस्तके तयार केली, पुढे केरूनाना छत्रे यांचे अंकगणित आले आणि गणिताला छापील पाठ्यपुस्तकाचे रूप मिळाले. कोल्हापुरात 1880 मध्ये राजाराम कॉलेज सुरू झाले, 1895 मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली, आणि 1917 मध्ये संस्थानात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण लागू करण्याचा निर्णय झाला. माझ्या दृष्टीने गणिताच्या बाबतीतही त्या निर्णयाचे मोल फार मोठे आहे. हिशोबाची विद्या ठरावीक घरांत राहत होती, ती आता शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या मुलामुलींपर्यंत पोचू लागली. गुळाची पट्टी स्वतः वाचता येणे ही तेव्हा छोटी गोष्ट नव्हती.

1 एप्रिल 1957 ला दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. 16, 64, 192 ने भागायची रोजची गरज संपली. माझ्या मते विभाज्यता तेव्हापासून बाजारातून उठून परीक्षेत जाऊन बसली. आज पाठ्यपुस्तकात 2, 3, 4, 5, 9, 10 यांच्या कसोट्या नीट येतात, पण मोठ्या संयुक्त संख्यांचे काम बहुतेक खासगी मार्गदर्शिकांवर सोडलेले दिसते. यादी तिथूनच वहीत येते.

वर्गात 7 आणि 13 आले की शिक्षकही चाचपडतात. रशियात 1861 मध्ये झ्बिकोव्हस्कीने दिलेली रीत इथे सोपी आहे: 7 साठी एककाचा अंक दुप्पट करून उरलेल्या संख्येतून वजा करा. 343 मध्ये 34 उणे 6 बरोबर 28, म्हणून 7 ने भाग जातो. 1965 मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारती कृष्ण तीर्थ यांच्या ‘वेदिक मॅथेमॅटिक्स’ या पुस्तकातली ‘वेष्टन’ पद्धत याच तत्त्वावर चालते. ती शिकवावी, मुलांना आवडते. मात्र त्यातली सूत्रे उपलब्ध वेदसंहितांत सापडत नाहीत, हेही मुलांना सांगावे. नारायण पंडित आणि भास्कराचार्य यांचे खरे काम आपल्याकडे असताना आणखी कशाची जोड लागत नाही.

7, 11, 13 यांचा गुणाकार 1001 होतो, म्हणून 77, 91, 143 या तिन्ही संयुक्त संख्यांना एकच कसोटी पुरते: उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि एकाआड एक वजा करा. 345436 मध्ये 345 आणि 436 यांतला फरक 91, म्हणून 91 ने भाग जातो. इथे एक अडचण आपली स्वतःची आहे. आपण ही संख्या 3,45,436 अशी लिहितो आणि मुले स्वल्पविरामांनाच गट समजतात. 1001 किंवा 999 साठी तीन-तीनचे गट, 99 साठी दोन-दोनचे, आणि दोन्ही वेळा स्वल्पविराम पुसून उजवीकडूनच मोजायचे, हे फळ्यावर एकदा करून दाखवावे लागते.

तुकडे पाडण्याची रीत 49 पाशी थांबते, कारण 7 आणि 7 सहमूळ नाहीत. तिथे पुन्हा बाकीकडे वळावे लागते. 98 मध्ये 49 दोनदा जातो, म्हणजे शंभराला 49 ने भागले तरी 2 च उरतात, आणि 98 ने भागले तरी 2 च. तालमूदातली शंभरामागे 2 धरण्याची युक्ती त्यामुळे 7 प्रमाणेच 49 आणि 98 लाही लागू पडते. देवळालीच्या शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर यांनी 1949 मध्ये शोधलेली 6174 ही संख्या घेऊन वर्गात हे करून पाहावे. 61 ची दुप्पट 122, त्यात 74 मिळवले की 196. पुन्हा 1 ची दुप्पट 2, त्यात 96 मिळवले की 98. म्हणून 6174 ला 98 ने भाग जातो, भागाकार 63 येतो, आणि त्या 63 मध्ये आणखी एक 7 आहे.