जुनी पुस्तकचित्रं: घेताना काय पाहावं, घरी कशी जपावी

व्हिक्टोरियन काळातल्या परीकथांची आणि शेक्सपिअरच्या नाटकांची बरीचशी चित्रं लाकडावर कोरलेली. बॉक्सवुडच्या खोडाची चकती कापायची, तिच्या गुळगुळीत तोंडावर चित्र उलटं उतरवायचं आणि पांढरा राहणारा भाग कोरून काढायचा. चित्र काढणारा वेगळा, कोरणारा वेगळा. जॉन गिल्बर्टच्या शेक्सपिअर-चित्रांखाली ‘डॅल्झिएल’ दिसतं, ते कोरणाऱ्या भावांचं नाव.

घेण्याआधी दहापट भिंग लावा. काळी रेघ सलग आणि तिच्या कडेला शाई किंचित दाटलेली असेल, तर कोरलेल्या लाकडी ठशाची छपाई. ओळीत मांडलेले ठिपके दिसले, तर हाफटोन (फोटोवरून ठिपक्यांनी केलेली छपाई). म्हणजे खूप नंतरची छपाई किंवा आजची नक्कल. ठिपके नाहीत एवढ्यावर मात्र विसंबू नका. पान तिरक्या उजेडात उलटं धरा: ठशाचा दाब मागे हलकासा उमटलेला असतो, आणि पुष्कळदा मागे पुस्तकाचा मजकूरही असतो.

मोठ्या चित्रात कधी केसाएवढी सरळ पांढरी रेघ आरपार जाते. गिऱ्हाईक तिला घडी समजून भाव पाडतं. बॉक्सवुडचं खोड बारीक, त्यामुळे मोठा ठसा तुकडे जोडून करत. सांधा जरा सुटला की तिथे शाई लागत नसे. घडीत कागदाचे तंतू मोडतात आणि ती मागूनही दिसते. सांध्याची रेघ दोष नाही, उलट चांगली खूण आहे.

रंगीत चित्रांत एडमंड इव्हान्सची छपाई पाहण्यासारखी. रिचर्ड डॉयलची १८७०ची परीचित्रं त्यानेच छापली. प्रत्येक रंगाला स्वतंत्र ठसा, म्हणून भिंगाखाली रंगातही रेघा दिसतात. ठसा हलला असेल तर रंग कडेबाहेर सांडतो. जुन्या काळ्या चित्रावर हल्ली हाताने रंग भरूनही विकतात. विक्रेत्याला ते स्पष्ट विचारा.

फ्रेम करताना सेलोटेप आणि फेव्हिकॉल अजिबात नको: टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, फेव्हिकॉल नंतर निघत नाही. जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने फक्त वरच्या कडेला लावा. खालची बाजू मोकळी सोडा, नाहीतर पावसाळ्यात कागद फुगून लाटा येतात. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लविरहित घ्या; काच चित्राला टेकता कामा नये, ३ मिमी अंतर हवं. ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर टांगल्यास तांबूस डाग पडतात. ते घरी ब्लीचने काढू नका, कागद कमकुवत होतो.

काळी शाई उजेडाला टिकते, हाताने भरलेला रंग उडतो. असं चित्र खिडकीसमोर लावू नका.

धड पुस्तक फोडून आम्ही पानं विकत नाही. सुटी पानं आधीच बांधणी तुटलेल्या प्रतींतली असतात.