जॉनी लिव्हर: दोन गाण्यांच्या मधल्या वेळातला माणूस

मुंबईतल्या स्टँडअपचा इतिहास कोणी सांगायला बसलं की हल्ली गाडी थेट २०१० सालावरच सुटते. लंडनच्या कॉमेडी स्टोअर या कॉमेडी क्लबने लोअर परळला, पॅलेडियम मॉलमध्ये दुकान थाटलं, लोक तिकीट काढून एका माणसाचं नुसतं बोलणं ऐकायला बसले आणि म्हणे मुंबईत स्टँडअप आलं. म्हणे! ती जागा म्हणजे जुनी फिनिक्स मिल, हे आमच्यासारख्या गिरणगावातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. पण मला कायम एकच प्रश्न पडतो, मग त्याच्या तीस वर्षं आधीपासून जॉनी लिव्हर हातात माईक घेऊन काय करत होता, भजन?

हा माणूस मुळात मुंबईचा नाही. जन्म १४ ऑगस्ट १९५७, गाव आंध्रातलं कनिगिरी, घर तेलुगू ख्रिश्चन, नाव जॉन प्रकाश राव जनुमला. वडील पोटासाठी मुंबईत आले, हिंदुस्तान लिव्हरच्या कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले. तेलुगू माणूस मुंबईला काही नवा नव्हता, कामाठीपुऱ्याला नावच मुळी तिकडून आलेल्या कामाठी मजुरांवरून पडलंय, आणि वरळीच्या गिरण्यांमधे पद्मशाली विणकर पिढ्यानपिढ्या होते. पण आपल्या मुंबईकराची एक खोड आहे, तेलुगू, तमिळ, कानडी, मल्याळी सगळ्यांना एकाच पोत्यात घालून वर 'मद्रासी' अशी चिठ्ठी लावायची की झालं काम.

जॉनी वाढला किंग्ज सर्कल-धारावीच्या पट्ट्यात. तिकडे एका बाजूला कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेले कुंभार, दुसरीकडे चामड्याच्या धंद्यातले तमिळ, मग यूपीवाले, शिवाय आपले घाटावरचे आणि कोकणातले. सकाळी नळावर भांडण लागलं तर पाच भाषांमधे लागायचं. मिमिक्री करणाऱ्या पोराला याच्यापेक्षा भारी शाळा कुठली मिळणार! खरी शाळा होती आंध्र एज्युकेशन सोसायटीची, ती सातवीत सुटली कारण घरात पैसे नव्हते आणि भावंडांत हा थोरला. मग रस्त्यावर पेनं विकायला लागला. नुसतं 'पेन घ्या पेन' म्हटलं तर कोण थांबतंय, म्हणून हा फिल्मी हिरोंचे आवाज काढायचा, गाण्यांवर नाचायचा, माणूस हसायला थांबला की हातात पेन. त्याच्या पुढच्या सगळ्या करिअरची गोम मला इथेच दिसते, समोरचा माणूस तुझ्यासाठी आलेला नाहीये, तो दुसरीकडेच कुठेतरी निघालाय आणि तुला त्याला अडवायचंय.

हा काळ कुठला तेही बघा. १९६६ ला शिवसेना निघाली, तेव्हा जॉनी आठ वर्षांचा. लगेच पुढच्या काही वर्षांत 'लुंगी हटाव'च्या घोषणा, आणि किंग्ज सर्कल ज्यात येतं ते माटुंगा म्हणजे तर दाक्षिणात्यांचा बालेकिल्ला. हिंदी पिक्चरमधे दाक्षिणात्य माणूस म्हणजे कपाळावर भस्म, अय्यो अय्यो आणि 'ळ'चा पाऊस, लोक पोट धरून हसायचे, आमच्या घरातही हसायचे, खोटं कशाला बोलू. अशा शहरात एका तेलुगू पोराने लोकांना हसवायचा धंदा उघडला आणि तो उघडला कोणाच्या आवाजात, तर बाकी सगळ्यांच्या. स्वतःच्या तेलुगूपणावर त्याचा एखादा गाजलेला आयटम मला तरी आठवत नाही. यात काही धोरण होतं की नुसता धंद्याचा अंदाज, हे त्यालाच ठाऊक.

पुढे तोही वडिलांच्याच कारखान्यात लागला. अंगमेहनतीचं काम, जड ड्रम इकडून तिकडे हलवायचे, आणि मधल्या वेळात नकला. मग युनियनच्या एका कार्यक्रमात त्याने साहेब लोकांच्याच नकला केल्या. ज्यांनी कारखान्यात, गिरणीत नाहीतर सरकारी ऑफिसात आयुष्य काढलंय त्यांनाच कळेल ही किती मोठी गोष्ट आहे. साहेब पुढच्या रांगेत खुर्चीवर, मागे सगळे कामगार, आणि स्टेजवर त्यांच्यातलाच एक जण साहेबाची चाल, साहेबाचा आवाज, साहेबाचं खेकसणं तंतोतंत करून दाखवतोय. त्या दिवशी कामगारांनीच त्याचं बारसं केलं, तू कसला जॉन राव, तू तर जॉनी लिव्हर! असा माणसाला कंपनीचा शिक्का बसला. नोकरी मात्र स्टेजमुळेच सुटली, शोचे पैसे पगारापेक्षा बरे मिळायला लागले आणि खाडे वाढले, तेव्हा १९८१ ला त्याने कारखान्याला रामराम ठोकला.

आता ऑर्केस्ट्रा. हे आजच्या पोरांना नीट समजावून सांगायला लागतं. सत्तर-ऐंशीच्या दशकात गणपती, नवरात्र, सोसायटीची पूजा, कंपनीचं स्नेहसंमेलन, काहीही असो, ऑर्केस्ट्रा पाहिजेच. एक किशोरचा आवाज, एक रफीचा, एक लताबाईंचा, अकॉर्डियन, बोंगो, आणि एक मिमिक्रीवाला. मिमिक्रीवाल्याला कोणी बोलवायचं नाही, तो यायचाच, लग्नाच्या पानात लोणचं येतं तसा. गायिका साडी बदलायला गेली, ड्रमवाला चहाला गेला की हा माईकवर. दहा मिनिटं भरून काढ! मग अशोककुमार, राजकुमार, प्राण, मधेच स्टेशनात शिरणारी गाडी, आणि तेवढ्यात विंगेतून खूण झाली की पंच अर्धा टाकून बाजूला व्हायचं कारण गाणं सुरू.

आमच्या गल्लीच्या गणपतीत असाच एक यायचा, नाव काय होतं कोणालाच आठवत नाही (तेच तर सांगतोय). त्याचं सगळं लक्ष शेवटच्या रांगेकडे. पुढची पोरं काय, कशालाही हसतात. मागे चपला हातात घेऊन, घरी जावं की थांबावं अशा विचारात उभी असलेली माणसं थांबली तर त्याने जिंकलं. एकदा माईक गेला तर त्याने तसंच, तोंडातोंडी, गिरणीचा भोंगा काढला, एवढा खणखणीत की एक-दोन काकांनी खरंच घड्याळ बघितलं.

मराठीत एकपात्री होतंच, पुलंनी साठच्या दशकात बटाट्याची चाळ एकट्याने उभी केली होती आणि लोक त्यासाठी तिकिटाच्या रांगा लावायचे. पण तो प्रेक्षक पुलंना ऐकायलाच आलेला असायचा. ऑर्केस्ट्रातल्या मिमिक्रीवाल्याला तसा एकही माणूस आयता मिळायचा नाही. यात लहानमोठं असं काही नाही, पण तालीम वेगळी होती आणि जॉनी या दुसऱ्या तालमीतला.

या मंडळींतून तो वर निघाला तो संगीतकार कल्याणजी-आनंदजींच्या ग्रुपमधे गेल्यावर. मोठे शो, मोठे स्टार, परदेश दौरे. अशाच एका शोमधे सुनील दत्तनी त्याला बघितलं आणि १९८२ च्या 'दर्द का रिश्ता'मधे काम दिलं. (तेच साल इकडे गिरण्यांच्या संपाचं, आमच्याकडे त्या वर्षी हसायला फारसं काही नव्हतं.) मग 'होप ८६' नावाचा चॅरिटी शो झाला, अख्खी इंडस्ट्री समोर, आणि तिथेही जॉनी कशाला तर दोन आयटमच्या मधली जागा भरायला! पण लोकांनी उचलून धरलं, आणि निर्माते गुल आनंद यांनी नसीरुद्दीन शाहच्या 'जलवा'मधे घेतलं.

पण घराघरात त्याला नेलं ते कॅसेटने. एचएमव्हीने 'हँसी के हंगामे' काढली आणि स्टेजवरची दहा मिनिटं एकदम तासाभराची झाली, मधे गाणं नाही, विंगेतून खूण नाही. आमच्या चाळीखालच्या सलूनवाल्याकडे ही कॅसेट रोज वाजायची. त्याला प्रत्येक जोक पाठ, तरी पंच जवळ आला की तो वस्तरा गालावरून उचलून बाजूला धरायचा, हसून घ्यायचा, मग पुढची दाढी. अर्ध्या फेसात बसलेलं गिऱ्हाईकपण काही बोलायचं नाही. सिनेमा नाही, चेहरा नाही, स्टेजसुद्धा नाही, नुसता आवाज. याला स्टँडअप म्हणायचं नाही तर काय म्हणायचं?

पिक्चरचं मी थोडक्यातच सांगतो, ते सगळ्यांना माहितीये. १९९३ ला 'बाजीगर'मधला बाबूलाल, नंतर वर्षाला ढीगभर पिक्चर, 'दीवाना मस्ताना' आणि 'दूल्हे राजा'साठी फिल्मफेअर. माझी तक्रार एवढीच की त्या बाबूलालच्या नादात लोक स्टेजवरचा जॉनी विसरले. पिक्चरमधे त्याचा ट्रॅक वेगळाच चालायचा, हिरोचं रडगाणं थांबलं की हा येणार, चार मिनिटं हसवणार आणि जाणार. दोन गाण्यांच्या मधला माणूस आता दोन सीनच्या मधे, बाकी फरक काय?

त्याच्या मागून मुंबईत आलेल्यांची रांग मोठी आहे. राजू श्रीवास्तव कानपूरहून आला, स्ट्रगलच्या दिवसांत इथे रिक्षा चालवली, आणि येताना अख्खं गाव बरोबर घेऊन आला, गजोधर आणि मंडळी, त्याच्या किश्श्यांतली पात्रं. सुनील पाल आपल्या विदर्भातला, हिंगणघाटचा. २००५ ला स्टार वन चॅनेलवर लाफ्टर चॅलेंज ही विनोदाची स्पर्धा आली, सुनील पाल जिंकला, राजू देशभर पोचला, आणि मिमिक्रीवाल्याला पहिल्यांदा असा कार्यक्रम मिळाला ज्यात मधे गाणी नव्हती. २०१० चं पॅलेडियम आलं ते याच्या पाच वर्षं नंतर.

हल्लीचा बाहेरून आलेला कॉमेडियन, मुंबईत आलेला असो की न्यूयॉर्कला गेलेला, सुरुवातच 'मी'पासून करतो, माझी आई, माझे उच्चार, माझा व्हिसा नाहीतर माझा घरमालक. जॉनीच्या वेळेला स्टेजवर 'मी' परवडत नव्हता, तुझी आई ऐकायला आलंय कोण, राजकुमार काढ. त्याची मुलगी जेमी २०१२ च्या सुमारास त्याच लोअर परळच्या कॉमेडी स्टोअरमधे स्टेजवर उभी राहिली. तिचं वेगळं आहे, लोक तिलाच ऐकायला बसलेले असतात, ती घरच्या गोष्टी सांगू शकते, तरी मधेच आशाबाईंचा आवाज काढते तेव्हा जुना ऑर्केस्ट्रा कानात वाजतोच. आडनाव ती लिव्हरच लावते. तिकडे कंपनीने मात्र २००७ मधेच 'हिंदुस्तान लिव्हर' हे नाव बदलून 'हिंदुस्तान युनिलिव्हर' केलं.